जीपच्या पुढच्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलाय? नुसता बोल्ट बदलून गाडी सोडू नका

आमच्या अण्णांनी घेतलेली महिंद्राची सीजे ३बी अजून आमच्या वाड्यात उभी आहे, आणि उभी म्हणजे नुसती उभी नाही, रानात जाते, सणासुदीला अंबाजोगाईला जाते, लेकरं मागं बसून गावभर फिरतात. गेल्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटातून उतरताना एका खड्ड्यात ब्रेक दाबला आणि पुढून टण्ण असा आवाज आला. गाडी चालत होती, पण स्टेरिंग सरळ धरलं की गाडी उजवीकडं ओढायली आणि गाडी सरळ ठेवली की स्टेरिंग वाकडं. घरी येऊन खाली वाकून बघितलं तर उजव्या बाजूच्या पाट्याचा (म्हणजे एकावर एक पोलादी पानं रचलेल्या स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट, म्हणजे ती पानं मधून धरणारा बोल्ट, तुटलेला आणि एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) मागं सरकलेला. त्याच्या आधी दीड वर्षापूर्वी हाच बोल्ट एका गॅरेजमधून बदलून आणलेला होता, म्हणून मग ठरवलं की या वेळी आपणच करायचं आणि का तुटतो हे पण शोधायचं. त्यातून जे कळलं ते सगळं लिहायलोय, कारण आपल्याकडं जुन्या जीपा ठेवणारे लई लोक आहेत आणि हा बोल्ट तुटणं एकदम कॉमन आहे.

आधी तुटलाय का नाही हे कसं ओळखायचं ते सांगतो. पुढची चाकं सरळ करा, गाडी सपाट जागी घ्या, आणि टेपनं पुढच्या चाकाच्या हबच्या मधापासून मागच्या चाकाच्या हबच्या मधापर्यंत अंतर मोजा, दोन्ही बाजूनं. ३बी ला हे अंतर ८० इंच असतं म्हणजे २०३२ एमएम. दोन्ही बाजूला सारखं आलं पाहिजे, माझ्या गाडीत उजवी बाजू पाऊण इंच कमी भरली. मग पाटा बघा, एक्सलखाली जिथं यू-बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) आवळलेले असतात तिथं पाट्याची पानं एकमेकांवरून तिरकी सरकलेली दिसतात, पत्त्यांचा कॅट हातात पसरल्यासारखी. अजून एक खूण म्हणजे एक्सलची बैठक (पाटा जिथं टेकतो ती जागा) आणि वरचं पान यांच्या सांध्यात तांबूस पावडर सुटलेली असते किंवा लोखंड घासून चकचकीत झालेलं असतं. ही पावडर दिसली आणि बोल्ट अजून शाबूत असला तरी समजून घ्या की तो जायच्या वाटेवर आहे.

एक्सल सरकलेला असेल तर गाडी चालवू नका. एक्सलबरोबर ब्रेकचा रबरी होज ताणला जातो, स्टेरिंगचा रॉड ओढला जातो, आणि शॅकलवर (पाट्याचं टोक चासीला धरणाऱ्या हलत्या कडीवर) वाकडा जोर येतो. मी घाटातून घरापर्यंत आणली ती चूक होती, तिथंच थांबवून टोचन करून आणायला पाहिजे होती.

आता मुद्द्याचं. हा बोल्ट का तुटतो. लोकांना वाटतं बोल्ट हलका निघाला म्हणून तुटला, दुकानदार पण हेच सांगतो. पण सेंटर बोल्टचं काम गाडीचं वजन पेलायचं नाहीच. जात्याच्या मधली मेख कशी वरच्या तळीला जागेवर ठेवते पण वजन तिच्यावर नसतं, तसंच हे आहे. सेंटर बोल्ट दोन कामं करतो, पाट्याची पानं एका रेषेत धरतो, आणि त्याचं गोल डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसून एक्सलची जागा ठरवतो. एक्सलला पाट्याशी घट्ट धरायचं काम यू-बोल्टचं. ते कडक आवळलेले असले की पाटा आणि बैठक यांच्यातलं घर्षणच एवढं असतं की ब्रेक मारा नाही तर खड्ड्यात घाला, एक्सल हलत नाही. यू-बोल्ट ढिले झाले की मग प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्याला एक्सल पुढं-मागं सरकायला बघतो आणि तो सगळा जोर करंगळीपेक्षा बारीक अशा बोल्टवर आडवा येतो. कितीही भारी बोल्ट घाला, तो कापला जाणारच. म्हणून सेंटर बोल्ट तुटला याचा अर्थ यू-बोल्ट ढिले होते, दुसरं कारण क्वचितच असतं. माझा दीड वर्षात परत तुटला तो यामुळंच, तिथं जुनेच यू-बोल्ट परत आवळून दिले होते.

सामान काय लागतं. नवीन सेंटर बोल्ट नटासकट, त्या बाजूचे दोन्ही यू-बोल्ट आणि त्यांचे चारही नट नवीन. दुकानात जाताना जुन्या बोल्टचे तुकडे सोबत न्या, डोक्याचा तुकडा तर नक्की न्या. सेंटर बोल्टचं डोकं गोल नळकांडी असतं, ते बैठकीच्या भोकात बसेल एवढ्याच मापाचं पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा षटकोनी डोक्याचा बोल्ट घालू नका, त्याचं डोकं एक तर भोकात जात नाही नाही तर आत डुलत राहतं, आणि माझ्या गाडीत मागच्या वेळी तसलाच घातलेला निघाला. जुन्या जीपचं सगळं इंची मापात आहे. माझा सेंटर बोल्ट ५/१६ चा होता, म्हणजे ७.९४ एमएम, आणि ८ एमएमचा बोल्ट दिसायला अगदी तसाच, भोकात पण जातो, पण आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्यावर जोर लावून चढवला की आटे मरतात आणि नट आवळल्यासारखा वाटतो पण धरत नाही. व्हर्नियर असेल तर माप घ्या, नसेल तर नट हातानं शेवटपर्यंत फिरतो का ते दुकानातच बघा. गावात मिळालं नाही तर ट्रॅक्टर-ट्रॉलीचे पाटे करणाऱ्याकडं जा, आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांचे पाटे सारखे निघतात त्यामुळं या लोकांकडं असलं सामान असतं आणि त्यांना यातलं कळतं पण. हाय टेन्साईल बोल्ट संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा भागात सहज मिळतात, एमएमच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो आणि इंचीच्या डोक्यावर रेघा असतात, तीन रेघा म्हणजे ग्रेड ५. कोऱ्या डोक्याचा बोल्ट आला तर परत करा.

हत्यारं म्हणजे दोन जॅक, दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टॅण्ड), रिंग पाने आणि गोटी पाना (सॉकेट) लांब दांड्यासकट, दोन मोठे सी-क्लॅम्प, सुंबा (ठोकून बोल्ट बाहेर काढायची जाड सळई), हातोडा, टॉमी, वायर ब्रश, ग्राइंडर, आणि जमलं तर कुणाचा तरी टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) एक दिवसासाठी मागून आणा.

जागा निवडताना काळ्या रानात, शेडच्या कडंला ओल असते तिथं जॅक लावू नका. आपली काळी माती वरून टणक दिसते आणि वजन आलं की जॅक एका बाजूला खचतो. कोबा नाही तर फरशी पाहिजे, नसेल तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड सागवानी फळी टाका. आणि उन्हाळ्यात करणार असाल तर पहाटे सुरू करा, मे महिन्यात दहाच्या पुढं लोखंडाला हात लावता येत नाही आणि घाईत माणूस चुका करतो.

आदल्या रात्री यू-बोल्टचे आटे वायर ब्रशनं साफ करून त्यावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, नसेल तर डिझेलमध्ये थोडं जुनं ऑइल मिसळून ब्रशनं लावा, रात्रभर मुरू द्या.

सकाळी मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून मोठे दगड लावा. हॅण्डब्रेकवर भरवसा ठेवू नका, जुन्या जीपचा हॅण्डब्रेक चाकात नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागं शाफ्टवर असतो, आणि त्या शाफ्टचे सांधे (क्रॉस-जॉइंट) घासलेले असले की गाडी हलते. मग गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा आटा ढिले करा. इथं एक गोष्ट ज्यांना माहीत नाही ते स्टड (चाकाचे नट ज्यावर चढतात ते बोल्ट) तोडतात, बऱ्याच जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या तोंडावर इंग्रजी एल कोरलेला असतो, पुसून बघा आणि मगच जोर लावा.

आता जॅक चासीला लावून पुढची बाजू उचला, पाट्याचं मागचं टोक जिथं चासीला बोल्टनं धरलेलं असतं त्याच्या मागं दोन्हीकडं घोड्या लावा आणि गाडीचं वजन घोड्यांवर येऊ द्या. वजन घोड्यांवर आलं की बंपरला धरून जोरात हलवून बघा. गाडी हलली तर परत खाली घ्या आणि परत लावा, खाली शिरायचंय तुम्हाला. चाक काढा, काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा, समजा घोडी घसरलीच तर गाडी चाकावर पडंल, तुमच्यावर नाही. दुसरा जॅक एक्सलच्या खाली, पाट्याच्या शेजारी, नुसता टेकून ठेवा, पाटा पूर्ण मोकळा लोंबकळायला पण नको आणि दाबलेला पण नको.

शॉकअपचं खालचं टोक यू-बोल्टच्या खालच्या प्लेटला असतं, त्याची स्प्लिट पिन आणि वायसर काढून शॉकअप बाजूला करा. ब्रेकचा होज कुठं ताणलाय का बघा आणि तो कापडात गुंडाळून बाजूला बांधा. मग यू-बोल्टचे चार नट. निघाले तर उत्तम, नाही निघाले तर पाईप घालून तासभर भांडू नका, ग्राइंडरनं कापून टाका, ते परत वापरायचे नाहीतच. यू-बोल्ट एकदा ताणला गेला की त्याचे आटे लांबतात आणि दुसऱ्यांदा तो तसा आवळ धरत नाही. फक्त ग्राइंडर चालवताना ठिणग्या कुठं चालल्यात ते बघा, ३बी ची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच आहे. ओलं पोतं मधी लावा आणि एक बादली पाणी, एक घमेलं माती जवळ ठेवा. गॉगल पाहिजेच.

प्लेट खाली आली की एक्सल जॅकनं थोडा वर उचला, पाटा खाली राहील आणि मधी जागा मिळंल. काढायच्या आधी खडूनं पाट्यावर पुढच्या दिशेला बाण काढा. सेंटर बोल्टचं भोक काही पाट्यांत बरोबर मधी नसतं, पाटा उलटा बसला तर एक्सल परत पुढं-मागं होतो आणि मग माणूस दिवसभर डोकं धरून बसतो की सगळं नवीन घालून पण माप का येईना.

पाटा गाडीवरच ठेवून बोल्ट बदलता येतो, पण माझं मत विचाराल तर पाटा खाली काढा. दोन टोकांचे बोल्ट काढायला अर्धा तास जास्त लागतो पण पानं सुटी करून बघता येतात, बुश (टोकांच्या भोकात बसवलेल्या नळ्या) बघता येतात. एक काळजी, जुन्या विलीज (जीपची मूळ अमेरिकी कंपनी) पद्धतीच्या यू आकाराच्या शॅकलमध्ये आट्याचे बुश असतात आणि त्यातले काही उलट्या आट्याचे. उलट्या बुशाच्या षटकोनी डोक्याभोवती बारीक खाच मारलेली असते, ती बघितल्याशिवाय पाना फिरवू नका.

सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूला चार-चार बोटांवर सी-क्लॅम्प घट्ट लावा, आणि हे बोल्टचा उरलेला तुकडा काढायच्या आधी. पानांचा बाक एकसारखा नसतो, एकमेकांवर दाबून बसवलेली असतात, त्यामुळं बोल्ट निघाला की ती उसळतात. क्लॅम्प लागला की सुंब्यानं खालून ठोकून तुकडे बाहेर काढा. माझा बोल्ट वरच्या दोन पानांच्या मधी कापलेला होता, डोकं वरच्या वर हातात आलं आणि बाकीचा तुकडा वाकून अडकलेला. त्यासाठी पानं सुंब्याचा जोर जाईल एवढी सरळ रेषेत आणावी लागली. तुकडा नाहीच निघाला तर ड्रिल मारा पण बोल्टपेक्षा बारीक बिटनं आणि बरोबर मधी. पाट्याचं भोक मोठं करू नका. भोक हीच पाट्याची सगळ्यात नाजूक जागा आहे, तिथूनच पान तडकतं. गॅसनं तापवू पण नका आणि पाट्याला कुठंच वेल्डिंग मारू नका, तापला की त्या जागी स्टीलचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि पुढच्या खड्ड्यात पान मोडतं.

आता क्लॅम्प हळूहळू दोन्हीकडून सारखे ढिले करून पानं सुटी करा. प्रत्येक पान ब्रशनं साफ करून भोकाच्या भोवती उन्हात धरून बघा, केसासारखी रेघ दिसली तर ते पान बदलायचं. रेघ आहे का नुसता ओरखडा हे कळत नसेल तर रॉकेल नाही तर डिझेल लावून पुसा आणि वर खडूची पूड चोळा, तडा असेल तर आतलं तेल वर येऊन ओली रेघ उमटते.

जोडताना पानं क्रमानं रचा आणि भोकातून आधी तेवढ्याच मापाची लांब आट्याची सळई घाला. दोन्ही टोकांना नट लावून ती आवळत गेली की पानं जवळ येतात, मग क्लॅम्प कसायचे, सळई काढायची आणि सेंटर बोल्ट घालायचा. भोकं जुळली का हे बोट घालून कधीच बघू नका. पान सरकलं तर बोट जातं, कात्रीसारखं. बॅटरी लावून डोळ्यानं बघा.

बोल्टचं डोकं एक्सलच्या बाजूला. ३बी ला कंपनीतून पाटा एक्सलच्या खाली असतो म्हणून डोकं वर येतं. गाडी उंच करायला कुणी पाटा एक्सलच्या वर घेतला असेल तर डोकं खाली. नट कसल्यावर जास्तीचा बोल्ट कापा, दोन आटे बाहेर ठेवा आणि टोक हातोडीनं हलकं चेपून रिबीट मारा म्हणजे नट फिरून येत नाही.

पाटा चढवायच्या आधी एक्सलची बैठक. हे काम कुणीच करत नाही आणि सगळं इथंच अडतं. बैठकीवरचा गंज, चिखल, जुन्या रंगाचे थर खरवडून लख्ख लोखंड दिसेपर्यंत साफ करा. रंगाचे थर मधी राहिले तर आवळताना घट्ट लागतं, पण चार दिवस गाडी चालली की रंग चेपतो, तेवढी जागा मोकळी होते आणि यू-बोल्ट आपोआप ढिले. कुणी सुंदर दिसावं म्हणून बैठकीवर नवीन रंग मारतात, तो पण मारू नका, सगळं आवळून झाल्यावर बाहेरून मारा. बैठकीतलं भोक गोल आहे का बघा. एक्सल बरेच दिवस हलत असेल तर ते लंबगोल होतं, माझं झालेलं होतं. मी बैठकीचं माप घेऊन जालन्याच्या एका टर्नरकडून लेथवर बारीक कडी करून आणली, भोक गोल करून ती कडी आत ठोकून बसवली, तेव्हा बोल्टचं डोकं अंगठीत बोट बसावं तसं बसलं. हे न करता नुसता बोल्ट बदलला असता तर तो आत हलत राहिला असता.

आता पाटा लावा, टोकांचे बोल्ट हातानं घट्ट ठेवा, एक्सल हळू खाली सोडा आणि डोकं भोकात बरोबर बसतंय हे खाली झोपून बघा. एक्सलच्या बैठकीला पाटा सगळीकडून टेकला पाहिजे, कुठं फट दिसली तर डोकं बसलेलं नाही, यू-बोल्ट आवळून ते बसवायला जाऊ नका, डोकं चेपतं. मग यू-बोल्ट, प्लेट, नट. चारही नट फुलीच्या क्रमानं, एकदम न कसता थोडं थोडं, चारही टोकांना नटाच्या बाहेर सारखे आटे दिसले पाहिजेत. एका बाजूला जास्त आले म्हणजे प्लेट तिरकी आहे.

शॉकअप लावा, चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या, दोन माणसं पुढच्या बाजूला उभं राहून गाडी चार-पाचदा दाबा म्हणजे पाटा बसतो. शेवटचा आवळ आता, वजन चाकांवर असताना. जुन्या विलीजच्या मॅन्युअलप्रमाणं पुढच्या यू-बोल्टचा टॉर्क ५० ते ५५ फूट-पौंड आहे, म्हणजे सात-साडेसात किलोग्रॅम-मीटर. तुमच्या गाडीत कुणी जाड यू-बोल्ट घातलेले असतील तर त्याचा आकडा वेगळा राहील, बोल्ट विकणाऱ्याकडून विचारून घ्या. पाईप लावून अंगाच्या जोरानं कसणं म्हणजे मजबुती नाही, बोल्ट ताणून तो परत ढिला होतो. टोकांना रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट पण आताच कसा, हवेत असताना कसले तर रबर पिळल्या अवस्थेत धरलं जातं आणि लवकर फाटतं.

मग परत टेप घ्या आणि दोन्ही बाजू मोजा. माझं दोन्हीकडं ८० इंच भरलं, आणि स्टेरिंग पण सरळ झालं. तुमचं स्टेरिंग अजून वाकडं वाटत असेल तर लगेच ड्रॅग लिंक (स्टेरिंगचा रॉड) फिरवत बसू नका, दुसऱ्या बाजूचा पाटा बघा. एका बाजूचे यू-बोल्ट ढिले होते म्हणजे दुसऱ्या बाजूचे पण त्याच वयाचे आहेत, मी दोन्ही बदलले.

पहिल्यांदा हळू चालवा, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून बघा, होज चाकाला घासत नाही ना हे स्टेरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम अजून राहिलंय, ८०-१०० किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत टॉर्क पान्यानं कसून घ्या. पहिल्या शंभरात पानं, प्लेट, बैठक सगळं थोडं थोडं बसतं आणि आवळ उतरतो. मी घरापासून अंबाजोगाईला जाऊन आल्यावर कसले तर चारही नट जवळपास पाव-पाव आटा घुसले. नंतर पाचशेला कसले तेव्हा हलले नाहीत. आता दर पावसाळ्याच्या आधी आणि रानातली कामं उरकल्यावर एकदा पाना लावतो, आणि नटापासून प्लेटवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवलीय. रेघ मोडलेली दिसली की नट फिरला, खाली झोपायची पण गरज नाही, चाकाच्या बाजूनं बॅटरी मारली की दिसतं.